दोनबोटीला आवतण

फेब्रुवारी सरता सरता ओरिन सेदरने पहिली कोकरं गोठ्यातून कुरणात सोडली आणि चौथ्या दिवसापासून ती कमी व्हायला लागली. रोज एक, कधी दोन. गळ्यावर दातांच्या चार खुणा, पोट फाडलेलं, आणि आतली दुधाने भरलेली पिशवी तेवढी खाल्लेली. बाकीचं सगळं कोकरू बर्फात तसंच पडलेलं.

"भुकेसाठी मारत नाही ही," ओरिन म्हणाला. "चोखंदळ आहे. साय तेवढी काढून खाते, माझ्या सासूसारखी."

तो कातालिन इरिबार्नच्या दारात टोपी हातात घेऊन उभा होता. दोघं एका शाळेत शिकलेली, त्यामुळे टोपी काढायची खरं तर गरज नव्हती. पण अकरा कोकरं गेलेला माणूस थोडा नरम झालेला असतो.

"पाऊल बघितलंस?" कातालिनने विचारलं.

"बघितलं. पुढचा डावा पंजा. दोनच बोटं."

कातालिनने मान हलवली. कोयोट त्या डोंगरपायथ्याला काही कमी नव्हते. लांडग्याहून लहान, कोल्ह्याहून थोराड आणि दोघांहून आगाऊ अशी ही जात. पण दोन बोटांचं पाऊल एकाच मादीचं होतं. पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी सापळ्यात दोन बोटं ठेवून ती निसटली होती आणि तेव्हापासून तिला सगळे दोनबोटी म्हणत. त्यानंतर तिने ना आमिषाच्या कुठल्या मांसाला तोंड लावलं, ना कुठल्या लोखंडाजवळ पाय ठेवला.

"येते मी," कातालिन म्हणाली.

तिचा बाप, ज्याला ती त्यांच्या बास्क भाषेत आइता म्हणायची, समुद्रापलीकडून मेंढपाळ म्हणून अमेरिकेत, वायोमिंगमध्ये आला होता आणि मेंढ्या राखता राखता कोयोट धरण्यात तरबेज झाला होता. त्याच्यामागे ते काम कातालिनने धरलं. आता ती त्रेपन्न वर्षांची होती. पंचक्रोशीतले मेंढीवाले अडचणीत आले की तिच्याकडेच येत. तिचं खरं बळ सापळ्यात नव्हतं, रायफलीतही नव्हतं. ते होतं शेडमधल्या बरण्यांत. मासळीचं तेल, ओढ्यांवर बांध घालणाऱ्या बीव्हरच्या ग्रंथी, कोयोटचं मूत्र, शेपटीखालून दुर्गंधी उडवणाऱ्या स्कंकचा तो डोळ्यांतून पाणी काढणारा रस, हे सगळं वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून, वर्षवर्ष मुरवून ती अर्क करायची. बोटभर अर्क काडीला लावून झुडपाशी खोचला की अर्ध्या मैलावरचा कोयोट वाट वाकडी करून बघायला यायचा. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. आइता म्हणायचा, नाक थांब म्हणेपर्यंत घालायचं.

आणि नेमकं नाकच तिच्याकडे उरलं नव्हतं.

नाताळाच्या आधी ती तापाने आडवी झाली होती. ताप आठ दिवसांत उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. कॉफीला वास नाही, ओल्या लोकरीला नाही, स्कंकच्या बरणीत तोंड घातलं तरी काही नाही. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित, कदाचित नाही येणार. कातालिनने हे कुणालाही सांगितलं नाही. जुने अर्क संपले होते. जानेवारीत तिने नवा केला तो हाताच्या अंदाजाने, आठवेल तसा, आंधळ्याने भिंत रंगवावी तसा.

तिने ओरिनच्या कुरणाभोवती चौदा सापळे लावले. नऊ दिवस ते जसेच्या तसे राहिले. रोज सकाळी ती बर्फावरची पावलं वाचत फिरायची आणि रोज तीच गोष्ट वाचायची. दोनबोटी वीस पावलांवर येते, थांबते, वळते. एके ठिकाणी तर ती बर्फात मुतून, मागच्या पायांनी बर्फ उडवून निघून गेली होती. हे एक वेळ कातालिनने मानलं असतं. दोनबोटी ती दोनबोटी. पण इतर कोयोटही येत नव्हते. मागच्या वर्षीची बावळट पिल्लंसुद्धा सापळ्याला वळसा घालून जात होती.

त्यात ओरिनचा जावई ट्रॅव्हिस. तिशीचा गडी, दुकानातून आणलेल्या रंगीत बाटल्या नि सशाच्या किंकाळ्या काढणारा कर्णा घेऊन त्याने अख्खा जानेवारी टेकड्या दणाणून सोडल्या होत्या. चार गोळ्या झाडल्या, चारही बर्फात.

"काय कातालिनबाई, आज तरी काही?" तो कुंपणावर कोपर टेकून विचारायचा.

"आज नाही."

"तुमचा अर्क जरा मऊ पडला वाटतं. माझ्याकडची एक बाटली देऊ का?"

"तुझ्या बाटलीने कोण आलं होतं रे?"

"आली होती ना. नेम चुकला तेवढा."

"मग तिला तू गोळीचा आवाज शिकवलास. सशाचा आवाज आला की गोळी येते, हे आता तिला पाठ झालंय. उपकार झाले तुझे."

बोलून ती पुढे निघाली, पण मनातून ती हलली होती. शनिवारी ओरिनने तिला गाडीपाशी गाठलं. "एकोणीस झाली, कातालिन. मी सरकारी विमान मागवणार होतो. वरून गोळ्या घालतात, दिसेल तो कोयोट टिपतात. मला ते आवडत नाही, मेंढ्या बिथरतात. पुढच्या रविवारपर्यंत थांबतो. त्यापलीकडे नाही."

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि रविवारी दुपारी ती भावाकडे जेवायला जायची. भावाचं नाव बेन्यात. तो मालट्रक चालवायचा, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तरी रविवारचं जेवण चुकत नसे. तो नसला की टेबलाच्या एका बाजूला कातालिन आणि दुसऱ्या बाजूला त्याची बायको डोरीन, अशा दोघीच बसायच्या. बोलणं हवापाण्याचं. दोघींमध्ये एक जुनी बरणी आडवी होती. आइता गेला त्या वर्षी त्याने मुरत घातलेला शेवटचा अर्क डोरीनच्या तळघरात होता आणि डोरीनने तो खड्ड्यात ओतून दिला होता.

डोरीन गावातल्या शाळेत स्वयंपाकीण होती. दीडशे पोरांचं जेवण रोज तिच्या हातून जायचं. बाई ठेंगणी, हात पोलादी आणि नाक असं की गावात त्याच्या कथा सांगत. एकदा गॅसची नळी गळत होती तर यंत्राला कळायच्या आधी तिला कळलं आणि तिने शाळा रिकामी करवली होती.

त्या दिवशीही बेन्यात रस्त्यावर होता. डोरीनने कोकराची तंगडी आणि लाल मिरच्या घालून शिजवलेला घेवडा केला होता. कातालिन खाली मान घालून जेवली. मग कॉफी आली. तिने त्यात साय ओतली, प्याली, दुसरा कप घेतला, पुन्हा साय ओतली.

डोरीन तिच्याकडे बघत बसली होती. "साय नासलीय," ती म्हणाली.

"हो का?"

"मांडता मांडता वास आला मला. तू काय करतेस ते बघावं म्हणून उचलली नाही. दोन कप प्यालीस."

कातालिनने कप खाली ठेवला.

"आणि आत आलीस तेव्हा तुझ्याबरोबर पेट्रोलचा भपका आत आला," डोरीन म्हणाली. "मागच्या रविवारीही आला होता. त्याच्या मागच्याही. मला वाटलं, हल्ली कपडे पेट्रोलमध्ये धुतेस की काय."

कातालिन उठली ती कोट न घालताच बाहेर गेली. पिकअपच्या मागच्या भागात सापळ्यांची गोणी होती, गोणीशेजारी पेट्रोलचा डबा. तिने डबा उचलून त्याचा तळ बोटाने चाचपला. शिवणीला केसाएवढी चीर होती. थेंब थेंब गळत दोन महिने पेट्रोल गोणीत मुरलं होतं. हातमोजे, काड्या, सापळ्याखाली अंथरायचं कापड, सगळ्यात. आंधळ्यालाही कळेल असा माणसाचा वास तिने स्वतःच्या हाताने चौदा ठिकाणी पेरून ठेवला होता.

ती गाडीच्या फळीवर बसली. डोरीन तिचा कोट घेऊन मागोमाग आली.

"कधीपासून?"

"नाताळापासून."

"आणि कुणाला बोलली नाहीस."

"कुणाला बोलू? ओरिनला? ट्रॅव्हिसला? त्याने कर्ण्यावर लावलं असतं."

"मला सांगायचंस."

"तुला? तू आइताची बरणी ओतून दिलीस."

"अकरा वर्षं झाली त्याला."

"बारा."

"मला वाटलं त्यात काहीतरी मेलंय."

"मेलेलंच होतं. तीन वर्षं मुरत घातलं होतं त्याने."

डोरीनने कोट तिच्या खांद्यांवर टाकला. मग ती म्हणाली, "मी त्याचं वाईट वाटून घेतलंय. दर रविवारी वाटून घेते. तू काही बोलत नाहीस, म्हणून मीही काही बोलत नाही. आता ऊठ. कुठे आहेत तुझ्या त्या बरण्या?"

शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर डोरीनने ॲप्रनचं टोक नाकावर दाबलं आणि पुन्हा बाहेर जाऊन उभी राहिली. दोन मिनिटांनी परत आली. पहिली बरणी उघडून हुंगली, डोळे मिटले, आणि तिचा चेहरा बदलला. शाळेच्या मुदपाकखान्यात रश्श्याची चव घेताना व्हायचा तसा तो झाला.

"हे मासळीचं तेल. खवट झालंय, पण चांगलं खवट नाही."

"खवटात चांगलं काय असतं?"

"चीज चांगलं खवट असतं. हे रंगाच्या डब्यासारखं लागतंय. फेक." दुसरी बरणी. "हे बीव्हरचं ना? हे छान आहे. गोडसर, चामड्यासारखं. ठेव." तिसरी बरणी, जानेवारीत केलेली. ती डोरीनने हातभर लांब धरली. "यात स्कंक किती ओतलायस?"

"नेहमीएवढा. मला वाटतं."

"बाकी काही शिल्लकच नाही. रश्श्यात मिरच्या जास्त पडल्या की होतं तसं. कोण खाईल हे?"

त्या संध्याकाळी त्यांनी गोणी, हातमोजे, कापड सगळं मागच्या अंगणात जाळलं. मग दोघी कातालिनच्या टेबलाशी बसल्या. कातालिनने कितीतरी दिवसांनी मोकळेपणी, मोठ्याने विचार करायला सुरुवात केली. मांस दोनबोटी खात नाही, तिला स्वतः मारलेलंच लागतं. सशाची किंकाळी ट्रॅव्हिसने नासवली. लोखंड तिला दुरून कळतं. खाण्याच्या लालचीने ती यायची नाही.

"मग कशाने येईल?" डोरीनने विचारलं.

"सध्या त्यांचा जोडीचा मोसम आहे. ओढ्याकाठचा सगळा टापू तिचा नि तिच्या नराचा. चार वर्षं दुसरी मादी तिने तिथे टिकू दिलेली नाही."

डोरीनने हातातला कप फिरवला. "माझ्या स्वयंपाकघरात परकी बाई शिरली," ती म्हणाली, "तर मला भूक असो नसो, मी येणार. धावत येणार."

कातालिनने तिच्याकडे बघितलं. मग उठून फ्रीजरमधून एक बाटली आणि कागदात गुंडाळलेलं पुडकं काढलं. जानेवारीत डोंगरापलीकडे, साठ मैलांवर तिने एक तरणी मादी मारली होती. तिचं मूत्र आणि ग्रंथी तिने जपून ठेवल्या होत्या.

"ही परकी बाई," ती म्हणाली.

रविवारची आणि सोमवारची संध्याकाळ त्या दोघी शेडमध्ये होत्या. कातालिन ओतायची, ढवळायची. डोरीन शेजारी उभी राहून हुंगायची. आणखी. आणखी थोडं. बीव्हर एक चमचा. नको, अर्धाच, नाहीतर अत्तर लावून आल्यासारखी वाटेल. थंडीत वास मरू नये म्हणून स्कंकचा एक थेंब, सुईच्या टोकाने. शेवटी सोमवारी साडेआठच्या सुमाराला डोरीनने हात वर केला.

"थांब."

कातालिनचा हात जागच्या जागी राहिला. आइता तो शब्द ज्या सुरात म्हणायचा, त्याच सुरात डोरीन म्हणाली होती. तिला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं.

लावलेले चौदाही सापळे उचलून आणायचे आणि पुन्हा लावायचे नाहीत, हे कातालिनने ठरवलं. लोखंडाचा एक तुकडासुद्धा कुरणात न्यायचा नाही. फक्त वास, आणि शेवटी रायफल. कसं पेरायचं ते मात्र डोरीनने सुचवलं. "एकाच ठिकाणी वास ठेवलास तर ती वाटसरू झाली. वाटसरूवर कोण चिडतं? आगाऊ पाहुणी कशी, पहिल्या दिवशी फाटकाशी उभी राहते, दुसऱ्या दिवशी अंगणात येते, तिसऱ्या दिवशी तुझ्या खुर्चीत बसते."

मंगळवारी कातालिनने नव्या, धुराने शेकलेल्या हातमोज्यांनी टापूच्या टोकाला सेज नावाच्या एका रानझुडपावर अर्क लावला. बुधवारी सकाळी तिथे दोन बोटांचं पाऊल होतं. वीस पावलांवर नाही, झुडपाच्या बुंध्याशी. कातालिन गुडघ्यांवर बसून ते पाऊल बराच वेळ बघत राहिली. त्या नऊ दिवसांनंतर ते तिला एखाद्या पत्रासारखं वाटलं. बुधवारी तिने अर्क टापूच्या मध्याकडे निम्म्या अंतरावर नेला. गुरुवारी तिथे पावलांचा नुसता चिखल झाला होता. दोनबोटीने झुडपावर आपलं मूत्र टाकलं होतं, जमीन खरवडली होती, एक फांदी दातांनी तोडली होती.

संध्याकाळी तिने डोरीनला फोन केला. "चिडलीय."

"किती?"

"फांदी तोडलीन."

"मग उद्या खुर्चीत बसवू," डोरीन म्हणाली. "मीही येतेय. शाळेत सांगितलंय, नऊला येईन म्हणून. पावाचं पीठ रात्रीच भिजवून ठेवते."

"तू काय करणार तिथे?"

"नाक तुझ्याकडे आहे का माझ्याकडे?"

"पहाटे साडेचारला घ्यायला येते," कातालिन म्हणाली.

शुक्रवारी उजाडायच्या आधी त्या ओढ्यावरच्या टेकाडाशी पोचल्या. दोनबोटीच्या टापूचा तो मधोमध. समोर उघडं मैदान, मधे एकच झुडूप. कातालिनने त्यावर शेवटचा अर्क लावला, आपल्या पावलांवरून मागे आली आणि टेकाडाच्या कुशीत पालथी पडली. डोरीन तिच्या मागे दहा पावलांवर खडकाला टेकून बसली. तिने चार दिवस अंगाला साबण लावला नव्हता आणि अंगावर बेन्यातचा जुना कोट होता. मांडीवर सॉसची पिचकारीची बाटली होती, त्यात मैदा. ती दाबली की मैद्याचा बारीक धूर उडायचा आणि वारा कुठे चाललाय ते कळायचं. कातालिनच्या बुटाला एक सुतळी बांधलेली होती, तिचं दुसरं टोक डोरीनच्या हातात. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे मागे.

पूर्व फिकी झाली तशी कातालिनने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि आरोळी दिली. आइताने शिकवलेली, एकट्या परक्या मादीची आरोळी. लांब, चढत जाणारी, शेवटी जरा कापरी. टेकड्यांनी ती एकमेकींकडे पोचवली.

क्षणभर काहीच नाही. मग ओढ्याच्या वळणावरून उत्तर आलं. दोन आवाज. एक नराचा, जाड. दुसरा तुटक, भुंकल्यासारखा, त्यात नुसता राग होता. सुनेवर खेकसणारी सासू ऐकल्यासारखं डोरीनला वाटलं, असं तिने नंतर सांगितलं.

कातालिन पुन्हा ओरडली नाही. बोलावणं एकदाच करायचं असतं.

पंधरा मिनिटं गेली. पंचवीस. गारठा कोपरांतून वर चढला. डोरीन दर थोड्या वेळाने बाटली दाबायची. मैदा उताराने खाली, मैदानाकडे जात होता. म्हणजे त्यांचा वास समोर जात होता, आणि हे काही बरं नव्हतं. कातालिनला ठाऊक होतं की सूर्य वर आला की वारा उलटा फिरतो. पण दोनबोटी त्याआधी आली तर सगळं फुकट जाणार होतं.

सूर्याची कड टेकडीवर आली. डोरीनने बाटली दाबली. मैदा जागच्या जागी लोंबकळला. मग हळूच, आळसावलेल्या माणसासारखा, उलटा फिरून तिच्या तोंडावर आला. नाही, तोंडावर नाही. उजव्या गालावर. वारा आता उजवीकडून, त्यांच्या मागच्या घळीच्या अंगाने वाहत होता.

आणि त्या वाऱ्याबरोबर डोरीनला वास आला. ओल्या कुत्र्याचा, आंबट, त्यात जुन्या रक्ताची लोखंडी झाक. दोनबोटी समोरून येणार नव्हती. सूर्याबरोबर वारा उलटतो हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून समोरचा सगळा वास आपल्याकडे यावा अशी ती मागून वळसा घालून आली होती. पण वारा पुरता न उलटता ऐन वेळी घळीकडून वाहू लागला होता. आता वास तिला यायचा तो डोरीनला येत होता.

डोरीनने मान हलवली नाही. सुतळीला तीन हिसके दिले.

कातालिन दगडासारखी पडून राहिली. वळायचं की नाही? वळली तर बर्फ करकरणार. तिने मनाशी हिशेब केला की राग खरा असेल तर दोनबोटी इथे थांबायची नाही. ती झुडपाकडेच जाणार. अर्कावर भरवसा ठेवायचा, की आपल्या भीतीवर? तिने अर्कावर ठेवला.

डोरीनपासून आठ पावलांवरून दोनबोटी गेली. राखाडी, अंगाने सुकलेली, मानेचे केस ताठ उभे, शेपटी सरळ मागे. तिने डोरीनकडे बघितलं नाही, खडकाकडे बघितलं नाही. पाच वर्षं जिने प्रत्येक दगडाचा संशय घेतला ती आज नाक पुढे करून, वाकड्या डाव्या पायावर जराशी लंगडत, सरळ मैदानात उतरली. झुडपाशी पोचली. त्याला एक फेरी मारली. मग तिने डोकं खाली घातलं आणि वास आत ओढला.

कातालिनने श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

दोनबोटी जिथे उभी होती तिथेच बसली आणि मग आडवी झाली. आवाज टेकड्यांत फिरून परत यायच्या आत सगळं संपलं होतं. दूर ओढ्यापलीकडून नर एकदा ओरडला आणि उत्तरेकडे पळत गेला. त्या वसंतात त्या टापूत तो पुन्हा कुणाला दिसला नाही, आणि ओरिनच्या कुरणातून आणखी एकही कोकरू गेलं नाही.

डोरीन खडकापासून उठली. तिला हसू आवरत नव्हतं. "ती माझ्या इतक्या जवळून गेली, हात लावला असता," ती म्हणाली. "बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे. केवढी तणतणत निघाली होती."

"तू केलेल्या पाहुणीला भेटायला."

"आपण केलेल्या," डोरीन म्हणाली.

कातालिन दोनबोटीशेजारी बसली. दात झिजून निम्मे झाले होते, सुळ्याचं टोक तुटलेलं. डाव्या पंजाची जखम जुन्या चामड्यासारखी कडक झाली होती. तिने तळहात त्या कपाळावर ठेवला आणि आइता प्रत्येक वेळी म्हणायचा ते म्हणाली, त्याच्या भाषेत. चांगली लढलीस. डोरीनने तेवढा वेळ टोपी काढून हातात धरली.

गोळीचा आवाज ऐकून ओरिन गवताची गाडी तशीच सोडून आला होता. मागे ट्रॅव्हिस. ओरिनने खाली वाकून पंजा उचलला, दोन बोटं मोजली, जसं काही चुकून तिसरं निघेल, आणि पंजा हळूच खाली ठेवला.

"पाच वर्षं," तो म्हणाला. मग त्याने कातालिनचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ट्रॅव्हिस झुडपाभोवती फिरून आला. "सापळा कुठाय?"

"नाही लावला," कातालिन म्हणाली.

"मांस?"

"नाही."

त्याने झुडपाला नाक लावलं आणि शिंकत मागे सरला. "मग हे कुठल्या दुकानात मिळतं?"

"दुकानात नाही मिळत," डोरीन म्हणाली. "शिकायचं असेल तर सोमवारी चारला शेडमध्ये ये. तो कर्णा घरी ठेवून ये. आणि जुने कपडे घाल, तुझी बायको नंतर घरात घेणार नाही."

ट्रॅव्हिसने कातालिनकडे बघितलं. तिने मान हलवली. तो म्हणाला, "येतो," आणि या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

दोनबोटीला पिकअपच्या मागे ठेवून त्या निघाल्या. गावाच्या फाट्यावर कातालिनने गाडी मागच्या रस्त्याला वळवायला घेतली, तिकडून शाळा जवळ. डोरीनने स्टिअरिंगवर हात ठेवला.

"मुख्य रस्त्याने घे."

"तुला उशीर होईल."

"होऊ दे. आणि सावकाश चालव."

पावणेनऊ वाजले होते. पोरं शाळेत चालली होती, चाऱ्याच्या दुकानासमोर माणसं पोती चढवत होती, कॅफेच्या खिडकीत नेहमीची पाच डोकी होती. कातालिनने गाडी चालत्या माणसाच्या वेगाने नेली. एकेक हात थांबत गेला. कॅफेतली माणसं कप हातात घेऊन बाहेर आली. चाऱ्याच्या दुकानाचा म्हातारा मालक रस्त्यात आडवा येऊन उभा राहिला तेव्हा तिला गाडी थांबवावीच लागली. त्याने मागे जाऊन पंजा बघितला आणि परत येऊन डोरीनच्या खिडकीवर हात टेकला.

"दोनबोटीच की. कुणी मारली?"

डोरीनने खिडकी पुरती खाली केली. चार दिवस साबण न लागलेली, गालावर मैदा, अंगावर नवऱ्याचा कोट. ती ताठ बसली.

"मारली हिने," ती म्हणाली. "बोलावली मी."

मग तिने कातालिनला चल म्हणून खूण केली. शाळेच्या मागच्या दाराशी ती उतरली, हात कोपरापर्यंत तीन वेळा धुतले, आणि फुगून वर आलेल्या पिठाचे दीडशे गोळे करायला लागली.